सांदवाडीतले कमानी हरितगृह : वावधनात आणि गारपिटीत टिकणाऱ्या बांधणीविषयी प्रस्तावना

कमानी हरितगृह म्हणजे लोखंडी नळ्या किंवा बांबू वाकवून केलेल्या कमानी, ओळीने जमिनीत रोवलेल्या, आणि त्यांवरून ताणलेली प्लॅस्टिकची फिल्म किंवा जाळी. भिंत वेगळी आणि छप्पर वेगळे असा प्रकार इथे नाही. एकच वाकलेला पडदा एका बाजूच्या मातीतून निघतो आणि दुसऱ्या बाजूच्या मातीत जातो. बाजारात याला टनेल म्हणतात. आत माणसाला ताठ उभे राहता आले तर वॉक-इन टनेल, गुडघ्याएवढेच असले तर लो टनेल. साहित्य कमी लागते, जोडणी समजायला सोपी असते आणि घरचीच माणसे थोड्या दिवसांत ते उभे करू शकतात. घरामागच्या सांदवाडीत बसेल आणि परवडेल असे हरितगृह हेच. मात्र ज्या हलकेपणामुळे ते स्वस्त पडते, तोच हलकेपणा वादळात त्याच्या मुळावर येतो. ६ मीटर लांबीच्या टनेलवरची सगळी फिल्म १० ते १२ किलो भरते. तिच्यावर वारा लावू शकणारा जोर टनात मोजावा लागतो.

या विषयावरचे बहुतेक लेखन थंड देशांतून आलेले आहे. तिथे पहिली काळजी बर्फाची आणि दुसरी वाऱ्याची. हे पुस्तक ज्या जिल्ह्यासाठी लिहिले आहे त्या पूर्व विदर्भातल्या भंडाऱ्यात बर्फ पडत नाही, म्हणून ते लेखन सरळ उचलून चालत नाही. पण अगदीच बाजूला टाकूनही चालत नाही, कारण वरून येणारे ओझे इथेही आहे. ते गारांचे आहे आणि साचलेल्या पाण्याचे आहे. गारांचा ५ सेंटिमीटरचा थर जाळीत अडकला, तर मधली पोकळी वजा जाताही चौरस मीटरला २५ किलोच्या आसपास भार येतो. ओल्या बर्फाचा साधारण १५ सेंटिमीटरचा थर जवळपास तेवढाच भरतो. फरक वेळेचा आहे. बर्फ रात्रभर साचतो आणि माणसाला झाडू घेऊन बाहेर यायला अवधी देतो. गारपीट काही मिनिटांत उरकते, आणि तिच्यासोबत वाराही असतो.

जिल्ह्याचे वर्ष या दृष्टीने पाहिले की बांधणीचे अर्धे निर्णय आपोआप होतात. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान १० अंशांच्या आसपास आणि काही रात्री त्याखाली उतरते. काकडीवर्गीय वेलांचे बी अशा थंडीत उगवायला फार दिवस घेते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पश्चिमेकडून सरकणारे हवेचे प्रवाह आणि समुद्रावरून आलेली ओल यांची गाठ मध्य भारतावर पडली, की अवकाळी पाऊस आणि गार. एप्रिलपासून मृगापर्यंत दुपारनंतरची वावधने, बहुधा पश्चिम किंवा वायव्य बाजूने येणारी, आधी धूळ आणि मग पाऊस घेऊन. मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो. त्यानंतर बंगालच्या उपसागरात तयार होऊन छत्तीसगडावरून विदर्भाकडे सरकणारे कमी दाबाचे पट्टे दोन-दोन, तीन-तीन दिवस पाऊस धरून ठेवतात. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस वैनगंगेला आलेल्या पुराने भंडारा शहरासह नदीकाठची गावे पाण्याखाली गेली, ती आठवण अजून जुनी झालेली नाही. एकाच सांगाड्याच्या बारा महिन्यांत इतक्या वेगवेगळ्या परीक्षा घेणारा प्रदेश विरळाच. थंड देशांतला बागाईतदार आत ऊब कशी राखायची याचा विचार करतो. इथल्या माणसाला ऊब साधारण दहा आठवडेच हवी असते आणि उरलेला काळ ऊन, गार, पाऊस आणि वारा बाहेर ठेवायचे असतात.

झाकून पीक घेण्याची कल्पना फार जुनी आहे. रोमचा सम्राट तिबेरियस याला वर्षभर काकडीवर्गीय फळ खायला मिळावे म्हणून चाकांच्या वाफ्यांवर पारदर्शक खनिजाच्या पातळ तावांचे झाकण घालत, असे प्लिनी आणि कोलुमेल्ला या दोघांनी लिहून ठेवले आहे. पुढे युरोपात काच आली आणि हरितगृह ही श्रीमंतांची हौस बनली. काचेला जड सांगाडा लागतो, जड सांगाड्याला पक्का पाया लागतो. वजनामुळे वाऱ्याचा प्रश्न आपोआप सुटत असे, पैशाचा मात्र सुटत नसे. १९३३ साली इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत पॉलिथिलीन हाती लागले. अमेरिकेतील केंटकी विद्यापीठातले एमरी मायर्स एमर्ट यांना काचेचे हरितगृह परवडत नव्हते, म्हणून १९४८ साली त्यांनी लाकडी चौकटीवर सेलोफेन चढवून पाहिले आणि नंतर पॉलिथिलीनकडे वळले. आजचे प्लॅस्टिकचे हरितगृह त्या काटकसरीतून निघाले.

कमान दुसऱ्याच वाटेने आली. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, पीटर निसेन या ब्रिटिश लष्करातल्या अभियंत्याने पन्हळी पत्र्याची अर्धगोल झोपडी आखली. १९४१ मध्ये अमेरिकी नौदलाने ऱ्होड आयलंड राज्यातील क्वॉन्सेट पॉइंट येथे तिची सुधारलेली आवृत्ती तयार केली. युद्ध संपल्यावर हा अर्धगोल आकार शेतीत शिरला, आणि अर्धगोल टनेलला आजही क्वॉन्सेट म्हणतात. लष्कराच्या झोपडीवर जड पत्रा होता, शेतातल्या कमानीवर पातळ फिल्म आली. आकार तोच राहिला, वजन गेले. वाऱ्यात टनेल उडण्याच्या बहुतेक कहाण्यांची सुरुवात या अदलाबदलीत आहे.

त्यानंतर जगात या बांधणीचे जे संप्रदाय झाले, ते हवामानाने आणि हाताशी असलेल्या साहित्याने घडवले. स्पेनमधील अल्मेरियात द्राक्षाच्या मांडवाची तारांची जाळी आधीच होती. १९६०च्या दशकापासून तिच्यावर प्लॅस्टिक अंथरले गेले आणि आज तिथे सुमारे ३०,००० हेक्टर क्षेत्र झाकलेले आहे. तिथे पाऊस अत्यल्प, म्हणून सपाट छप्पर चालून गेले. चीनच्या लिआओनिंग प्रांतात १९८०च्या दशकात उत्तरेकडे जाड मातीची भिंत आणि दक्षिणेकडे अर्धी कमान अशी रचना रूढ झाली. दिवसा भिंत तापते, रात्री तीच ऊब देते. लडाखमधले हरितगृह याच जातकुळीचे. लेहमध्ये १९६२ साली सुरू झालेल्या संरक्षण संशोधन संस्थेच्या क्षेत्रीय प्रयोगशाळेने जमिनीत खड्डा करून वर फिल्म टाकण्याची पद्धत पसरवली. लेहचा हिवाळा कोरडा आणि बोचरा असतो, त्यामुळे तिथली सारी अक्कल थंडी आणि वारा यांच्यासाठी खर्च झालेली दिसते. अमेरिकेच्या मेन राज्यातले एलियट कोलमन यांनी बाहेरचे टनेल आणि आतले पातळ पांघरूण असे दुहेरी आवरण वापरून गोठत्या हिवाळ्यात बिनतापवता पालेभाजी काढून दाखवली. १९९२ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकाने परसबागवाल्यांची एक पिढी टनेलकडे वळवली.

जपानचा संप्रदाय भंडाऱ्याला सर्वांत जवळचा म्हणावा लागेल, तो त्याच्या अपयशामुळे. तिथले छोटे शेतकरी बारीक नळीच्या कमानी थेट मातीत खुपसून टनेल उभारतात. फेब्रुवारी २०१४च्या मध्यास कोफू शहरात ११४ सेंटिमीटर बर्फ पडला आणि यामानाशी, सायतामा, गुन्मा या भागांत अशी असंख्य टनेल जमीनदोस्त झाली. त्या भागात एवढ्या बर्फाची सवयच नव्हती. नळ्या नेहमीच्या हिवाळ्याच्या हिशोबाने निवडलेल्या होत्या. आणि त्याच फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात लागोपाठ गारपीट झाली. विदर्भ-मराठवाड्यासह राज्याचा बहुतांश भाग तिच्या तडाख्यात आला. द्राक्ष, गहू, हरभरा यांच्याबरोबर शेडनेट आणि पॉलीहाऊसही गेले. दोन देश, दोन वेगळी ओझी. पण दोन्हीकडे सांगाडे नेहमीच्या वर्षाचा हिशोब धरून उभे केलेले होते, आणि ते वर्ष नेहमीचे नव्हते.

महाराष्ट्रातला या शेतीचा प्रवास फुलांपासून सुरू होतो. १९८१ साली शेतीतील प्लॅस्टिकच्या वापरासाठी केंद्र सरकारने राष्ट्रीय समिती नेमली होती. नव्वदच्या दशकात तळेगाव दाभाडे परिसरात निर्यातीच्या गुलाबासाठी मोठी हरितगृहे उभी राहिली. २००५-०६ पासून राष्ट्रीय फलोत्पादन अभियानाचे अनुदान सुरू झाले आणि जरबेरा, ढोबळी मिरची, काकडी पश्चिम महाराष्ट्रातल्या मध्यम शेतकऱ्यापर्यंत पोहोचली. बुलढाणा जिल्ह्यातला देऊळगाव राजा आणि शेजारचा जालना हा पट्टा भाजीपाल्याच्या संकरित बियाण्यासाठी शेडनेटखाली आला. विदर्भात झाकलेल्या शेतीने खऱ्या अर्थाने मूळ धरले ते तिथे. या प्रवासात बरेच जण कर्जातही रुतले. फुलांचे भाव पडले, कापड जीर्ण झाले, एखाद्या वादळाने सांगाडा वाकवला आणि हप्ते मात्र चालू राहिले. हा सगळा अनुभव दहा, वीस, चाळीस गुंठ्यांचा आहे. कृषी विभागाच्या अंदाजपत्रकांत सपाट शेडनेट, गोल शेडनेट, नैसर्गिक वायुवीजनाचे पॉलीहाऊस अशी वर्गवारी असते आणि प्रत्येकाची नळी, पाया, जाडी ठरलेली असते. दोन-अडीचशे चौरस फुटांच्या सांदवाडीसाठी असे काहीही लिहिलेले नाही. तिथे शेजारच्या वेल्डिंगवाल्याचा अंदाज हेच अंदाजपत्रक.

पूर्व विदर्भात झाकून पीक घेण्याची आपली एक परंपरा आहे, आणि हरितगृहावरच्या मराठी पुस्तिकांत तिचा उल्लेख क्वचितच सापडतो. रामटेकच्या परिसरातला बरई समाज पिढ्यान्‌पिढ्या पानमळे राखत आला आहे. ‘रामटेक बंगला’ या नावाने तिथल्या पानवेलीची जातच ओळखली जाते. पानवेलीला कडक ऊन आणि झोंबरा वारा दोन्ही सोसत नाहीत, म्हणून बांबू आणि गवताचा आडोसा. आडोशातून वारा गाळून आत येतो, थोपून राहत नाही. म्हणूनच हा आडोसा सहसा आडवा होत नाही. घरोघरी वालाचा, दोडक्याचा, कारल्याचा मांडव असतोच. नागझिरा-कोक्याच्या रानालगतच्या या जिल्ह्यात बांबू आणि तो चिरून, वाकवून, विणून देणारा बुरड दोन्ही जवळ आहेत. २०१७ साली वन कायद्यात दुरुस्ती होऊन वनाबाहेरचा बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे स्वतःच्या धुऱ्यावरचा बांबू तोडून वापरण्यातली जुनी अडचणही गेली. भरीव मानवेल जातीचा बांबू कमानीला आणि कटांग जातीचा खांबाला, अशी निवड बुरडाला सांगावी लागत नाही. मात्र मातीत पुरलेला कच्चा बांबू वाळवी लागून दोन-तीन पावसाळ्यांत संपतो. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात भिजवला, आणि बुडाशी मातीऐवजी लोखंडी नळीचा तुकडा दिला, तर हिशोब बदलतो.

टिकाऊपणाचा मुद्दा अखेर एका गैरसमजापाशी येऊन थांबतो. वादळ टनेलला ढकलून पाडते असे वाटते. ते पुष्कळदा त्याला उचलते. वाकलेल्या पाठीवरून वारा वेगाने सरकतो तेव्हा वरच्या बाजूला ओढ तयार होते. त्याच वेळी दार उघडे राहिले किंवा वाऱ्याकडचा पडदा फाटला, तर आत शिरलेली हवा खालून वर दाब देते. दोन्ही जोर एकाच दिशेचे. सळईचे तुकडे हातभर खुपसून त्यांवर नळी सरकवलेले टनेल मुळासकट उपटून शेजारच्या वाडीत जाऊन पडते ते यामुळे.

आकडे मांडले की गोष्ट स्पष्ट होते. वाऱ्याचा वेग मीटर प्रतिसेकंदात घेऊन त्याचा वर्ग करायचा आणि ०.६ने गुणायचे, उत्तर येते ते न्यूटन प्रति चौरस मीटर. बाजारात जीआय पाइप ६ मीटरचा मिळतो. तो अर्धगोल वाकवला तर ३.८ मीटर रुंदी आणि १.९ मीटर उंची मिळते. बुडाच्या नळ्या जमिनीवर ६० सेंटिमीटर ठेवल्या तर मधोमध अडीच मीटर. एकेक मीटरवर अशा ७ कमानी उभ्या केल्या की ६ मीटर लांबीचे, जवळपास २३ चौरस मीटरचे टनेल होते आणि त्याचे १४ पाय जमिनीत जातात. इमारतींवरील वाऱ्याच्या भाराचा भारतीय मानक संकेत, आयएस ८७५चा तिसरा भाग, नागपूरसाठी ४४ मीटर प्रतिसेकंद हा मूळ वेग सांगतो. तात्पुरत्या, पाच वर्षे आयुष्य धरलेल्या बांधकामाला तोच संकेत सवलत देतो आणि हा वेग सुमारे ३२ मीटरवर, म्हणजे ताशी ११५ किलोमीटरवर येतो. त्या वेगाला दाब भरतो चौरस मीटरला ६१४ न्यूटन. ओढ आणि आतला दाब मिळून तो पूर्णपणे वर लागला असे धरले, तर सगळ्या टनेलवर १,४०० किलोंहून अधिक उचल येते. प्रत्येक पायाच्या वाट्याला १०० किलो. सांगाड्याचे स्वतःचे वजन दीड-पावणेदोनशे किलो, म्हणजे पायामागे अकरा-बारा किलो. त्याने फारसे काही साधत नाही.

आता ३० सेंटिमीटर व्यासाचा आणि ६० सेंटिमीटर खोल खड्डा घेऊन तो काँक्रीटने भरला, तर त्या गोळ्याचे वजन १०० किलोच्या थोडे वर जाते. हिशोब जेमतेम जुळतो, आणि मातीची पकड ही वरची शिल्लक. चौदा खड्ड्यांना मिळून काँक्रीट लागते ०.६ घनमीटर, म्हणजे सिमेंटची चारेक पोती. टनेलच्या एकूण खर्चात ही बाब लहान असते आणि पैसे वाचवताना तीच आधी कापली जाते. वाऱ्याकडच्या आणि टोकाच्या पायांवर सरासरीपेक्षा जास्त ओढ येते, म्हणून चार कोपऱ्यांचे खड्डे अधिक खोल घेणे केव्हाही शहाणपणाचे.

पण खड्डा कोणत्या मातीत, हे आकड्यांत येत नाही. जिल्ह्यातला शेतकरी मातीला कन्हार, मोरंड, सिहार, खर्डी, बर्डी अशा नावांनी ओळखतो, आणि पायाच्या दृष्टीने ही विभागणी कोणत्याही तक्त्याइतकी उपयोगी आहे. काळी जड कन्हार पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. एप्रिल-मेमध्ये, म्हणजे नेमकी वावधनांच्या दिवसांत, ती खांबापासून सुटून बोटभर फट पडते. त्या वेळी मातीची पकड शून्य धरावी आणि फक्त काँक्रीटच्या वजनावर विसंबावे; खड्डा तळाशी रुंद घेतला तर आणखी चांगले. बर्डीत मुरूम असतो. सब्बल लवकर आत जात नाही, पण एकदा बसवलेला खांब हलत नाही. सिहारसारखी हलकी रेताड माती खणायला सोपी, पण मुसळधार पावसात भिजल्यावर ती खांब सोडून देते, म्हणून तिथे खोली वाढवावी लागते. ज्या बांधीत धान उभे राहते तिथे टनेलच उभारू नये; पाण्याने भरलेल्या मातीत पुरलेले काँक्रीटसुद्धा हलके होते.

जमीन धरली की उरलेली कामे जोडणीची. कमानी एकमेकींना लांबीच्या दिशेने बांधणाऱ्या आडव्या नळ्या आणि दोन्ही टोकांना तिरप्या नळ्या नसतील, तर पहिली कमान झुकली की सगळी रांग तिच्यामागे जाते. नळी कापून वेल्डिंग केलेल्या जागी जस्ताचा थर जळतो आणि गंज तिथूनच धरतो; क्लॅम्प आणि नट-बोल्ट महाग वाटतात खरे, पण पाचव्या वर्षी तेच स्वस्त ठरतात. फिल्म वाऱ्याने फाटते त्यापेक्षा फडफडून जास्त फाटते, म्हणून ती प्रोफाइल नावाच्या पट्टीच्या खाचेत नागमोडी स्प्रिंगने घट्ट बसवायची आणि दोन कमानींच्या मधून वरून दोरी ताणायची. ढिल्या फिल्मवर पाणी साचते. १० सेंटिमीटर खोलीचे डबके चौरस मीटरला १०० किलो भरते, आणि एकदा साचले की ते स्वतःच्या वजनाने आणखी जागा करून घेते. यावर इलाज आकारातही आहे. अर्धगोल कमानीचा माथा जवळपास सपाट असतो, गारा आणि पाणी तिथेच रेंगाळतात. माथ्याशी टोक असलेली कमान, युरोपातल्या जुन्या चर्चच्या खिडक्यांना असते तशी, दोन अर्ध्या नळ्या जोडून करता येते आणि बर्फाळ देशांत तीच पसंत केली जाते. गारपिटीच्या पट्ट्यातही तिलाच पसंती मिळायला हवी. इथे ती क्वचित दिसते, कारण पाइप वाकवून देणाऱ्यांकडे साचा अर्धगोलाचाच असतो.

आवरणाच्या बाबतीत सर्वांत मोठी चूक एकच आवरण बारा महिने ठेवण्याची. मे महिन्यात बंद फिल्मखाली हवा ५० अंशांच्या पलीकडे जाते. टोमॅटोचे परागकण ३५ अंशांच्या पुढेच निकामी होऊ लागतात. डिसेंबर ते फेब्रुवारी फिल्म, मार्च ते जून ५० टक्के सावलीची जाळी, पावसाळ्यात वर फिल्म आणि बाजू पूर्ण उघड्या, हा क्रम इथल्या वर्षाला मानवतो. यात एक फायदा झाकलेला आहे: वावधनांच्या काळात अंगावर फिल्म नसतेच. जाळीतून वारा गळून जातो आणि उचल बरीच कमी होते. मार्चमध्ये मात्र गारांचा काळ आणि जाळीचा काळ एकत्र येतात, म्हणून सपाट ताणलेली जाळी टाळायची. कमानीवरची उतरती जाळी गार खाली सोडते. दिशेबाबतही बाहेरचा सल्ला इथे जुळत नाही. लडाखात टनेल सूर्याकडे पाहून लावतात. २१ अंश अक्षांशावर हिवाळ्यातही ऊन मुबलक मिळते, त्यामुळे आधी वाऱ्याकडे पाहणे योग्य: अरुंद टोक पश्चिमेला, लांबी पूर्व-पश्चिम. त्या पश्चिमेला बांबूचे किंवा ग्लिरिसिडियाचे विरळ कुंपण असले तर त्याच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत वारा नरमतो. पक्की भिंत हे काम करत नाही. तिच्यावरून आलेला वारा पलीकडे भोवरे घेत कोसळतो.

हा विषय आज महत्त्वाचा ठरण्याची कारणे जिल्ह्याच्या शेतीतच आहेत. कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांवर आणि बोड्यांवर उभा राहिलेला हा धानाचा मुलूख आहे. धानाखालचे क्षेत्र मोठे, धारणा लहान आणि रोख पैसा हंगामाला बांधलेला. मिरची, वांगी, टोमॅटो यांची रोपे बहुतेक कुटुंबे विकत आणतात. भाजीचा मोठा बाजार नागपूरला, साठेक किलोमीटरवर. घरामागे २० चौरस मीटर जागेत पावसाळ्याच्या तोंडावर रोपे काढणे, हिवाळ्यात कारल्याचे बी लवकर रुजवणे, उन्हाळ्यात सांबार (कोथिंबीर) आणि मेथी जगवणे, ही कामे आकाराने लहान पण पैशाच्या दृष्टीने नेमक्या वेळेची आहेत. उन्हाळ्यात सांबाराचा भाव काय होतो, हे बाजारात जाणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. उमेद अभियानातल्या महिला बचत गटांनी पोषण परसबागा केल्या आहेत. त्यांना पुढची पायरी हवी आहे. साकोलीचे कृषि विज्ञान केंद्र आणि तिथलेच कृषी संशोधन केंद्र धान आणि रोपवाटिकांबाबत मार्गदर्शन करतात, पण सांगाड्याची बांधणी हा कृषिशास्त्र आणि स्थापत्य यांच्या सीमेवरचा विषय असल्याने तो कोणाच्याच पुरता वाट्याला येत नाही. हरितगृहाच्या रचनेसाठी आयएस १४४६२ हे १९९७चे भारतीय मानक आहे. ते अभियंत्यांसाठी लिहिलेले आहे, बुरडासाठी किंवा वेल्डिंगवाल्यासाठी नाही.

प्रस्तुत पुस्तक ही दरी भरण्याचा प्रयत्न करते. त्याचा वाचक हाताने काम करणारा आहे असे त्यात गृहीत धरलेले आहे: सब्बल, आरी आणि पान्हा ज्याच्याकडे आहेत, आणि गुणाकार-भागाकार ज्याला येतो. पुस्तकात जमिनीपासून वर जाण्याचा क्रम ठेवला आहे, म्हणजे आधी जागा आणि माती, मग पाया, मग कमान, आणि आवरण शेवटी. बाजारातली माहितीपत्रके उलट क्रमाने जातात, कारण विकायची असते ती फिल्म. लोखंडी नळी आणि बांबू यांना इथे समान मान दिला आहे आणि दोन्हींचे हिशोब वेगळे मांडले आहेत. बर्फाळ देशांतल्या रचना जिथे गारपिटीला उपयोगी पडतात तिथे घेतल्या आहेत, बाकीच्या सोडल्या आहेत.

काही गोष्टी मुद्दाम वगळल्या आहेत. पंखे-पॅडची थंड करणारी यंत्रणा, मातीविना शेती, निर्यातीची फुले हे विषय यात नाहीत. अनुदानाच्या योजनांचे दर आणि अटी दरवर्षी बदलतात, त्यामुळे त्यांची कोष्टके छापलेली नाहीत. ती तालुका कृषी अधिकाऱ्याच्या कार्यालयात पाहावीत. ४४ मीटर वेगाच्या वाऱ्यातही फिल्मसकट उभे राहील अशी बांधणी सांदवाडीच्या खर्चात बसत नाही, आणि तसा दावाही पुस्तक करत नाही. फिल्म चढलेली असताना आकाशात वादळाची चिन्हे दिसली की एका बाजूच्या स्प्रिंगा ओढून फिल्म सोडून द्यायची, सांगाडा वाचवायचा, आणि फाटलेली फिल्म पुढच्या हंगामाच्या खर्चात धरायची, असा हिशोब त्यात पहिल्यापासून मांडलेला आहे.